मीटर रूमची चावी

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही आज मुद्दाम विकत आणली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. नीलाने विचारलं, "आता कसली वही? सेक्रेटरीपद जाऊन दहा महिने झाले." मी म्हटलं, पुराव्याची. तिने भाकरी जरा जोरात थापली.

आज सकाळी आमच्या वनश्री सोसायटीच्या ऑफिसातला नवा कॉम्प्युटर उठलाच नाही. दिवाळीनंतर नव्या सेक्रेटरीने, प्रफुल्लने, आणलेला आणि कालच जोडलेला. जेवणाच्या डब्याएवढा आहे आणि त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे, असं तो ज्याला त्याला सांगत सुटलेला, जणू घरी विरजण लावून केलंय. रोज बंद करायचा नाही म्हणे. काम संपलं की तो आपोआप झोपतो आणि सकाळी बोट लावलं की दोन सेकंदांत जागा होतो. आज बोट लावलं, बटण दाबलं, शेवटी थापटून पाहिला. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच बसली. प्रफुल्ल ठाण्याच्या ऑफिसला निघालेला, त्याला शिळफाट्यावरून परत यावं लागलं. मी गॅलरीतून पाहिलं. दुधाचा चहा नेहमीपेक्षा गोड लागला.

का लिहितोय ते एकदाच लिहून ठेवतो. जानेवारीच्या सभेत या प्रफुल्लने भिंतीवर फोटो पाडून दाखवले. त्यातला एक माझ्या वहीच्या पानाचा होता. खाली ओळ होती, 'आपली सोसायटी अजून इथे आहे.' लोक हसले. ज्यांचे गळके नळ मी एकोणीस वर्षं लिहून घेतले तेसुद्धा हसले. मी पहिल्या रांगेत बसलेलो. ते हसणं मला त्याच्याच घशात परत घालायचं आहे. घाई नाही. मशीन कधी कधी पडतं, किती वाजता, कोण काय बोललं, सगळं तारीखवार मांडणार आणि सभेत उभा राहून वाचणार.

फेरी ८.१५.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही तेच. मेला.

फेरीचं लिहायचं राहिलं. २००९ साली मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सव्वाआठला एक चक्कर मारतो. गच्चीचं दार, पंपाची खोली, आणि शेवटी मीटर रूममध्ये जाऊन ऑफिसचा मेन बंद. सकाळी सहाला दूध आणताना पुन्हा चालू. सोळा वर्षांत एक ठिणगी उडाली नाही. पद गेलं म्हणून सवय जात नाही. प्रफुल्लला चार्ज देताना सगळ्या चाव्या मोजून दिल्या. मीटर रूमची तेवढी त्याने मागितली नाही, मी दिली नाही. ज्याला कुठली चावी मागायची हेसुद्धा कळत नाही तो सेक्रेटरी!

फेरी ८.१५. मेन बंद केला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत चौथ्यांदा. आता ऑफिसात रुपालीचं तोंड बघवत नाही.

रुपाली ही भिवाची मुलगी. भिवा आणि मी मोहन्याच्या कंपनीत एका पाळीला होतो, एका डब्यात जेवलो. कंपनी बंद पडली तेव्हा मी इथे डोंबिवलीला आलो, तो तिथेच राहिला. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाला, "सीताराम, पोरीकडे बघ." सेक्रेटरी असताना मी केलेलं शेवटचं काम म्हणजे रुपालीला सोसायटीच्या ऑफिसात लावणं. तिची आई, सखुबाई, आता दमा झाल्यामुळे कामावर जात नाही. घर पोरीच्या या नोकरीवर उभं आहे.

तिने मला जिन्यात गाठलं. "जयभीम काका. मी काल सगळं नीट करून गेलेले. सकाळी येऊन बघते तर परत तसंच."

"प्रफुल्ल काय म्हणतो?"

"दादा म्हणतो, या मशीनला झोपेतून उठायचा प्रॉब्लेम असतो. बऱ्याच जणांना येतो म्हणे, नेटवर वाचलं त्याने. पण काका, झोपला असेल तर त्याचा दिवा हळूहळू मिचमिचतो. सकाळी दिवाच नसतो."

मी म्हटलं, तू कशाला डोकं लावतेस? ज्याने आणला तो बघेल. तिचं वाक्य मात्र वहीत घेतलं. पुरावा आहे. फेरी ८.२०.

१० नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी दुपारीच ठाण्याला बायजाकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे, गेलो. तिच्या नातवाचा वाढदिवस होता. आज दुपारी परत आलो तर बातमी काय, काल आणि आज कॉम्प्युटर दोन सेकंदांत उठला! प्रफुल्लने शनिवारी त्यात काहीतरी नवीन भरलं म्हणे. ऑफिसात पेढे वाटल्यासारखं वातावरण. मी दोन दिवस गाव सोडलं की यांची सुगी.

बघू किती दिवस टिकतं. फेरी ८.१५.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक रात्रही टिकलं नाही. सकाळी मेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आनंद झाला, हेही खरं, म्हणून लिहितो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलं.

मला वाटत होतं माझ्या एकोणीस वह्या प्रफुल्लने रद्दीत घातल्या. आज ऑफिसात गेलो तर त्या टेबलावर रचलेल्या, प्रत्येकीला पांढरं कव्हर. रुपाली त्यातलं एक एक पान बघून कॉम्प्युटरमध्ये टाइप करत होती. प्रफुल्लनेच सांगितलंय. "दादा म्हणाला, यात सोसायटीचा सगळा इतिहास आहे, काकांनी लिहिलंय तसंच शब्दनशब्द यायला पाहिजे." आणि मशीन सकाळी मेलं की आदल्या दिवशीचं संध्याकाळचं काम जातं. ती दिवसभर फाईल उघडी ठेवते, कारण तो म्हणाला झोपला तरी सगळं जसंच्या तसं राहील.

"२००९ची वही चालू आहे काका," ती म्हणाली. "तेच तेच पान परत परत लिहितेय."

म्हणजे आधी माझी वही भिंतीवर दाखवून हसायचं, मग तीच एका डब्यात भरायची, आणि डब्याला ती पोटात ठेवता येत नाही. माझं एकोणीस वर्षांचं अक्षर हा माणूस रोज सकाळी पुसतोय! सोडणार नाही. संध्याकाळी फेरीला गेलो तेव्हा स्विच एवढ्या जोरात खाली ओढला की बोट चेमटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रफुल्ल घरी आला. चप्पल बाहेर काढून, हात जोडून. नीलाने त्याला आत बसवलं आणि मला न विचारता चहा टाकला.

"काका, एक काम होतं. तुम्ही बसाल का ऑफिसात संध्याकाळी जरा? मी आठ-आठ वाजता येतो हो, मला काही दिसतच नाही नीट. तुम्हाला इथलं सगळं माहितीय. वायरिंग, लोड, सगळं. मला वाटायला लागलंय कॉम्प्युटरच्या बाहेरचंच काहीतरी आहे."

मी म्हटलं, "माझी वही जुनी, मी जुना. तुझ्या लिनक्सला मी काय सांगणार?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तो फोटो मी लावायला नको होता, काका." आणि चहा अर्धा ठेवून गेला. आता अडलंय म्हणून आठवलं. नीला त्या कपाकडे बघत म्हणाली, "बिचारा." मी या घरात बावीस वर्षं राहतो, मला हा शब्द कधी मिळाला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल गुडघा सुजला, दिवसभर झोपून होतो, फेरी चुकली. आज सकाळी रुपालीचा फोन, "काका, चालू आहे!" प्रफुल्लने काल म्हणे 'गाढ झोप' काढून 'हलकी झोप' लावली.

नीला गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणाली, "तुमचा गुडघा दुखला की त्याचा कॉम्प्युटर बरा होतो वाटतं."

बायकांना कधी चेष्टा सुचेल सांगता येत नाही. संध्याकाळी लंगडत का होईना गेलो. फेरी ८.२५.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेला. हलकी झोपसुद्धा गेली खड्ड्यात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

त्र्यंबक देशमाने भेटला. कमिटीतला माझा एकच माणूस. त्याला प्रफुल्ल आवडत नाही, कारण प्रफुल्लने त्याला पार्किंगमधल्या जुन्या सोफ्याबद्दल नोटीस दिली. वही दाखवली. त्याचे डोळे चमकले. विशेष सभा लावू म्हणाला, रविवार तीसला. मी तारखा वाचायच्या, तो राजीनामा मागणार.

इतकी गाढ झोप मला जानेवारीपासून लागली नव्हती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नोटीस बोर्डावर लागली. दोनदा वाचली. विषय क्रमांक एक, 'ऑफिस कर्मचारी यांच्या हलगर्जीपणामुळे संगणकाचे होणारे नुकसान व त्यांस कामावरून कमी करणे.' प्रफुल्लचं नावसुद्धा नाही.

त्र्यंबकला पकडलं. तो म्हणतो, "अरे सीताराम, थेट त्याच्यावर गेलो तर लोक त्याची बाजू घेतील. आधी पोरीला काढू. तो तिच्यासाठी भांडणार, मग त्यालाच म्हणू, जबाबदारी घे आणि जा. दोन दगडात एक पक्षी पडला तरी आपलं काय जातं?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पोरगी माझ्या मित्राची आहे रे." तो म्हणाला, "मग दुसरीकडे लावून दे, तुझी ओळख आहे." आणि मी मान हलवली. हेही लिहून ठेवतो. वही खरी ठेवायची तर सगळीच खरी ठेवायची. कल्याणला एका वकिलाकडे टायपिस्ट लागते असं ऐकलंय, विचारेन. भिवा असता तर त्यालाही समजावलं असतं. बहुतेक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रफुल्लने काल कॉम्प्युटरची झोपच बंद करून टाकली. टक्क जागा ठेवला. तरी सकाळी मेलेला.

रुपाली संध्याकाळी घरी आली, हातात एक छापील कागद. "काका, मशीन स्वतःची डायरी लिहितं. दर मिनिटाला काय झालं ते. आत्तापर्यंत शेवटची ओळ कायम झोपायला गेल्याची असायची, आठ दहाला वगैरे. म्हणून वाटायचं झोपेत मेला. काल झोप नव्हती, तर शेवटची ओळ आहे आठ वाजून सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद. मग एकदम कट. दादा म्हणाला, हा झोपेचा दोष नाहीच."

"मग कसला?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडे तारखा आहेत ना काका. वेळा पण असतील. बघा ना."

कागद ठेवून गेली. पाणी दिलं तेही प्यायली नाही. मशीनची डायरी म्हणे. बघतो सवडीने. फेरीला उशीर होत होता. ८.१६.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भिवाचा स्मृतिदिन. दरवर्षीप्रमाणे दुपारी मोहन्याला गेलो. रुपाली आज रजेवर, घरीच होती. सखुबाईंनी खीर वाढली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून माझी पोर उभी राहिली." रुपाली आत भांडी लावत होती, भांड्यांचा आवाज बंद झाला. मी खिरीची वाटी बाजूला सारली. जेवून नऊला डोंबिवलीत पोचलो, थेट घरी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहाला त्र्यंबकचा फोन, नुसता उड्या मारत होता. "कॉम्प्युटर आज टकाटक चालू! आणि काल ती पोरगी रजेवर! आता याच्यापेक्षा पुरावा काय पाहिजे? तिच्याच हातचा गुण!"

फोन ठेवला. सभेची तयारी म्हणून वही काढली आणि तो कागद पुढे ठेवला. एका बाजूला मशीनची वेळ, एका बाजूला माझी तारीख, असं रेघ मारून मांडायचं ठरवलं. पहिलीच ओळ २६ तारखेची, ८.१७.४२. माझ्या वहीत २६ नोव्हेंबरला काही लिहिलेलं नाही, पण मी कधी जातो ते मला माहीत आहे.

मग उलट बाजूने मांडलं. मशीन जिवंत राहिलं ते दिवस. नऊ आणि दहा, मी ठाण्याला. एकोणीस, गुडघा. आज, मोहने. पाचवा दिवस सापडला नाही, कारण पाचवा दिवस नाहीच.

मी ऑफिसचा मेन बंद करत होतो. रोज. स्वतःच्या हाताने, एक महिना, बोट चेमटेपर्यंत. माझ्या वह्या मीच पुसत होतो.

नीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही.

आता पुढचं. हे कोणाला माहीत नाही. चावी माझ्या खिशात आहे. आजपासून फेरी बंद केली की कॉम्प्युटर कायमचा बरा होईल, खापर रुपालीच्या डोक्यावर राहील, आणि प्रफुल्ल तिच्यासाठी भांडून जाईल. मला जे पाहिजे होतं ते सगळं उद्या ताटात वाढून येणार आहे. मला फक्त गप्प बसायचं आहे. आणि बोललो तर? जानेवारीत हसले ते काहीच नव्हतं. प्रफुल्ल हसेल. त्याला हसताना बघण्यापेक्षा मला मेलेलं परवडेल.

तीन पानं फाडायला घेतली होती. फाडली नाहीत अजून.

३० नोव्हेंबर, रविवार

सभा साडेदहाला, पार्किंगमध्ये. खुर्च्या भरलेल्या. रुपाली मागे खांबाला टेकून उभी, हातात माझी २००९ची वही. तिच्याकडे ती का होती कोण जाणे.

त्र्यंबकने वाचलं. ती रजेवर गेली की दुसऱ्या दिवशी मशीन चालतं, हे तीन वेळा वाचलं. प्रफुल्ल उठला. "मशीन मी आणलं. दोष सापडत नाही तो मला सापडत नाही. तिला काढायचं असेल तर आधी माझा राजीनामा घ्या." असं म्हणून त्याने खरंच कागद काढून टेबलावर ठेवला. सही केलेला. माझ्यासमोर, दोन हातांवर. दहा महिने मी याच कागदाची वाट बघत होतो.

त्र्यंबक मला कोपराने ढोसत होता, "वाच, तारखा वाच."

प्रफुल्लने रुपालीला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही दादा. माझंच काहीतरी चुकत असेल."

तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. गुरुवारी कागद घेऊन आली तेव्हाही माहीत होतं. ती माझं नाक वाचवायला स्वतःची नोकरी देत होती. भिवाची पोर!

मी उभा राहिलो. गुडघ्यामुळे दोनदा प्रयत्न करावा लागला. चावी टेबलावर आपटली आणि ओरडलोच, "मेन मी बंद करतो! रोज सव्वाआठला! हिचा काही संबंध नाही, तुमच्या लिनक्सचाही नाही!"

आधी कोणाला कळेना. मग तिसऱ्या रांगेतून एक जण हसला, आणि मग सगळे. लहान मुलंसुद्धा. त्र्यंबक तर असा सरकून बसला की जणू मला ओळखतच नाही. मी प्रफुल्लकडे बघत होतो. तो हसेल त्याची वाट बघत होतो, म्हणजे मला त्याचा राग राग करायला जागा राहिली असती.

तो हसला नाही. त्याने लोकांना गप्प केलं. राजीनामा आणि ठराव दोन्ही फाडले. चावी उचलली आणि म्हणाला, "काका, ही मी मागायला हवी होती. तुमच्याकडेच राहू द्या. मीटर रूमकडे तुमच्याइतकं कोणी बघणार नाही. ऑफिसच्या स्विचला तेवढी पट्टी लावू."

आणि सगळ्यांसमोर चावी माझ्या हातात परत ठेवली. मी त्याची जिरवायला निघालो होतो. मला त्याला माफ करायचं नव्हतं, अजूनही केलेलं नाही. पण माझ्याकडे आता कारण उरलेलं नाही, आणि हे त्याने मुद्दाम केलं असेल तर तो माझ्यापेक्षा पक्का आहे.

१ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी सव्वाआठला पाय आपोआप उठले. गच्ची बघितली, पंप बघितला, मीटर रूममध्ये गेलो. ऑफिसच्या स्विचवर लाल पट्टी आणि रुपालीच्या अक्षरात 'हात लावू नये'. हात लावला नाही.

सकाळी दूध घरी टाकून ऑफिसात गेलो. रुपालीने कळेवर बोट ठेवलं आणि पडदा उजळला. दोन सेकंद लागले असतील. काल जिथे सोडलं होतं तेच पान उघडं होतं.

"वाचा," ती म्हणाली.

'दि. १२ एप्रिल २००९. ठराव. रोज संध्याकाळी सव्वाआठला ऑफिसचा मेन स्विच सचिवांनी स्वतः बंद करावा व सकाळी चालू करावा. मीटर रूमची चावी सचिवांकडेच राहील.' खाली माझी सही, तीसुद्धा तिने कंसात 'सही' असं लिहून उतरवलेली.

"हे पान सहा वेळा टाइप केलंय मी काका. तोंडपाठ झालंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलेले."

मी खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसलो. चष्मा पुसला, परत पुसला. ती बोटं कळांवर ठेवून माझी वाट बघत होती. मग म्हणाली, "याच्यापुढे काय लिहू?"

मी म्हटलं, "आधी सेव्ह कर."